पाण्यावरचं नाव

"जावयाचं मुंडकं छाटून कुत्र्याला घाल, आणि धड मीठ लावून माझ्यासाठी ठेव," असं शेजारच्या खुर्चीवरचा म्हातारा फोनमध्ये ओरडून म्हणाला, तेव्हा मी दातांच्या दवाखान्यात गालाला रुमाल दाबून बसले होते. डावीकडची शेवटून दुसरी दाढ. डोकं असं ठणकत होतं की भिंतीवरच्या हसऱ्या दातांच्या चित्राला चपलेनं बडवावं. म्हातारा आमच्या लोझी भाषेत बोलला. लिव्हिंगस्टनमध्ये लोझी कानावर पडणं काही नवीन नाही, पण त्या खोलीत ते वाक्य माझ्याखेरीज कुणाला कळलं नसावं. समोरची टोंगा बोलणारी बाई पोरीची वेणी घालत बसली होती, काउंटरवरची मुलगी आपली नखं न्याहाळत होती. आणि हा म्हातारा टाय लावून, बूट चकचकीत करून बसलेला, जावयाचं मुंडकं कुत्र्याला घालायला सांगत होता. वर म्हणतो कसा, "कालचा दुसरा कुठाय? तो मोठा, तांबड्या शेपटीचा? खाल्लात? हरामखोरांनो!" फोन ठेवून त्यानं आपली कवळी जिभेनं जागेवर बसवली.

माझ्यानं राहवेना. मी म्हटलं, "काका, जावयानं एवढं काय घोडं मारलं हो?"

म्हातारा माझ्याकडे बघून एवढा खूश झाला की विचारू नका. "अगं, तू आमचीच की! कुठली, सेनांगाची?"

"सेनांगाच्या वरची. नदीकाठची."

"नदीकाठची, आणि जावई माहीत नाही? अगं पोरी, जावई म्हणजे वाघमासा. न्ग्वेशी, न्ग्वेशी!" मग लगेच त्यानं तोंडावर हात ठेवला आणि डोळे मिचकावले. "इथं पाणी नाही म्हणून नाव घेतलं हं. होडीत असतो तर नाव घेतल्याबद्दल मला खाली उतरवलं असतं. पण तुला कुठून माहीत असणार म्हणा. बायकांना होडीत घेतो कोण? होडीतली भाषा होडीतच राहते."

आणि त्यानं सगळं सांगितलं. दुखऱ्या दाढा घेऊन बसलेल्या माणसांना बोलायला कुणीतरी हवंच असतं. जो मासा दुसऱ्या माशांना खातो, त्याचं खरं नाव पाण्यावर घ्यायचं नाही. त्याला कान असतात. नाव ऐकलं की तो तळाला जातो, तो संध्याकाळपर्यंत वर येत नाही. छोट्या, गवत खाणाऱ्या माशांची नावं खुशाल घ्या, त्यांना कोण विचारतो. पण खाणाऱ्यांना नातं लावायचं. मिशावाला मांगूर म्हणजे आजोबा. लांब तोंडाचा तो ठिपकेवाला, लव्हाळ्यात पांढऱ्या फेसाचं घरटं करून त्याच्याखाली न हलता राहतो आणि जवळ जाईल त्याला चावतो, ती सासूबाई. आणि वाघमासा तो जावई. "का, तर अंगावर काळे पट्टे, पंखाला तांबडी किनार, असा नटूनथटून येतो, घरातलं सगळं चांगलं चांगलं खातो, आणि धरायला गेलं की हिसडा मारून पसार!" म्हातारा स्वतःच्याच विनोदावर मांडी बडवत म्हणाला. "माझे तीन जावई आहेत, मला विचार."

मी विचारलं, आणि का विचारलं देव जाणे, "पण पाण्यावर कळतं कसं, कोण आलाय ते?"

"ते कळण्यातच तर सगळं आहे! बुडबुडे ओळीनं आले तर आजोबा. लव्हाळं टोकापासून हललं, पण वारा नाही, तरी आजोबाच, आणि एकटे नाहीत, गावजेवणाला निघालेत. फेस दिसला तर सासूबाई. आणि बारकी मासळी मूठभर दाणे फेकल्यासारखी पाण्याबाहेर उडाली, की समजायचं खाली जावई आहे. पुढं उभा असतो ना बघणारा, तो बोटानं दाखवत नाही, सावली पडते. तो फक्त ओरडतो. आधी कोण, मग कुठल्या बाजूला, मग वर का खाली. 'जावई! डावीकडे! वर!' झालं. तीन शब्द. चौथा बोलायचा नाही."

जावई, डावीकडे, वर. माझी दाढ दुखायची थांबली. खरंच थांबली, खोटं नाही सांगत. काउंटरवरच्या मुलीनं माझं नाव पुकारलं, नासिलेले, नासिलेले, दोनदा, आणि मी उठून दाराकडे न जाता जिन्याकडे गेले. म्हातारा मागून म्हणाला, "अगं, आत जायचंय, बाहेर नाही!" जिना उतरताना मी कठडा धरला होता, कारण पायऱ्या दिसत होत्या, पण कुठली वरची आणि कुठली खालची ते कळत नव्हतं.

बाहेर ऑक्टोबरचं ऊन, डांबर मऊ झालेलं. मोठ्या रस्त्यानं पर्यटकांच्या गाड्या धबधब्याकडे चालल्या होत्या. लाकडी गेंडे विकणारी पोरं माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती, या बाईच्या वेषावरूनच कळतं ही काही घेणार नाही. मारांबाच्या दिशेनं मी चालू लागले. लुबिंदा तिथं राहतो. माझा धाकटा भाऊ. आता नदीवर परदेशी लोकांना मासे दाखवायला नेतो, स्वतःची मोटरबोट आहे, पोट सुटलंय. त्याच्या घरी जायचं असं मी काही ठरवलं नव्हतं. पाय चालले होते.

कलुबा माझा नवरा. होता म्हणायला हवं, पण मरून सत्तावीस वर्षं झाली तरी माझ्या तोंडून 'होता' येत नाही, 'होता' म्हणायला आधी त्या माणसाशी भांडण मिटवावं लागतं. आणि माझं भांडण मिटलेलं नाही. माणूस तापानं मरतो, खाणीत मरतो, कुणी गाडीखाली येऊन मरतं. माझा नवरा होडीत उभा राहिला म्हणून मेला. नदीच्या मधोमध, पुराच्या पाण्यात, पोहता येत नसताना, कोरलेल्या लाकडाच्या त्या हातभर रुंद होडीत गडी उठून उभा राहिला. का? कुणालाच माहीत नाही. मजा वाटली असेल. नदी बघायची असेल. बाबांनी तसंच सांगितलं, काठावर येऊन, अंगावरून पाणी निथळत असताना. "उभा राहिला." एवढंच. मग आईनं ते सगळ्या गावाला सांगितलं, मग गावानं मला सांगितलं, शंभर वेळा, वेगवेगळ्या सुरात. शहरातला माणूस. त्यातून बेंबा जमातीचा. सुरवंट तळून खाणारी माणसं, त्यांना पाणी काय कळणार. आमच्याकडचं मूल जमिनीवर उभं राहण्याआधी होडीत उभं राहतं. आणि हा घोडा तीस वर्षांचा, बसायचं सोडून उभा राहिला.

आमच्या घरात त्यावरून शब्दच पडला. कुणी दूध उतू जाऊ दिलं, कुणी उलटा शर्ट घातला, की "कलुबा करू नकोस." आईपासून भाच्यांपर्यंत सगळे म्हणायचे. माझ्या समोर. आधी थोडं चाचरत, मग सर्रास. मुसोंडा, माझी मुलगी, त्या वेळी सहा आठवड्यांची होती. ती मोठी झाली तो शब्द ऐकतच. शाळेत पाटी विसरली तर मामा म्हणायचा, "बापावर गेलीस." तिनं कधी रडून दाखवलं नाही. उलट ती स्वतःच म्हणायला लागली, आधी म्हटलं की दुसऱ्याला म्हणायला उरत नाही. मी? मीही म्हणायचे. का नाही म्हणणार? माझ्या चोविसाव्या वर्षी तान्ही पोर माझ्या मांडीवर टाकून जो माणूस निव्वळ मूर्खपणानं मरतो, त्याला आरतीचं ताट ओवाळायचं की काय? मी त्याचा राग केला. मनापासून, रोज, भाकरी भाजताना, शिवणयंत्र चालवताना राग केला. तो मेला याचा नाही, तो असा मेला याचा. पुढच्या महिन्यात मुसोंडाचं लग्न आहे. मुलीच्या बापाबद्दल वडीलधाऱ्यांपैकी कुणीतरी दोन शब्द बोलायचे असतात, बाप नसला तर जास्तच बोलायचे असतात. मागच्या आठवड्यात मी तिला फोनवर विचारलं, कुणाला बोलायला सांगू? ती म्हणाली, "आई, राहू दे ना. काय सांगणार लोकांना, होडीत उभे राहिले? माझ्या सासरी हसतील." आणि मी म्हटलं, बरं. बरं म्हटलं मी.

तरी एक गोष्ट मला कायम खुपायची. कलुबा कधी घाई करणारा माणूस नव्हता. कित्वेत त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. प्रत्येक स्क्रू काढला की तो झाकणीत ठेवायचा, ज्या क्रमानं काढला त्या क्रमानं. रस्ता ओलांडताना माझ्या मनगटाला धरायचा आणि दोन्हीकडे बघून झाल्यावर परत एकदा बघायचा, मी वैतागायचे. मातीला आलेली त्याची आई, कित्वेहून दोन दिवस बसमध्ये बसून आलेली ती म्हातारी, मातीच्या ढिगाजवळ बसून एकच घोकत होती. "माझा कलुबा खुर्चीसुद्धा हलवून बघितल्याशिवाय बसायचा नाही." आम्ही एकमेकींकडे बघितलं. आईचं काळीज आहे, म्हणणारच, असं आमच्यातली कुणीतरी म्हणाली. म्हातारी आमची भाषा जाणत नव्हती, तिला ते कळलं नाही, आणि त्यानंतर आमच्याकडे ती कधीही आली नाही.

आमची भाषा. कलुबाला आमची भाषा शिकायची होती. मी म्हणायचे, कशाला, मला तुझी येते की. तर म्हणायचा, तुझ्या वडिलांशी माझी भाषा थोडीच बोलेन, त्यांची बोलेन. बाळंतपणाला मी माहेरी आले, आणि सहा आठवड्यांनी तो आम्हा दोघींना न्यायला आला, तेव्हा त्याला चाळीस-पन्नास शब्द येत होते. पाणी. मीठ. आभारी आहे. सगळ्यात आधी कुठला आला असेल, तर जावई. कारण आल्यापासून सगळं गाव त्याला त्याच नावानं हाक मारत होतं. जावई इकडे या, जावई जेवलात का, जावई झोपलेत का. नावानं हाक मारली असती तर कदाचित त्यानं मागं वळून बघितलं नसतं. आणि तो होडीत गेला त्याच्या आदल्या दिवशी दुपारी, मी पोरीला पाजत भिंतीला टेकून बसले होते, तर हा शेजारी बसून धडे गिरवत होता. माझा डावा कान धरून "डावीकडे". उजवा कान धरून "उजवीकडे". भुवया वर करून "वर". हनुवटी छातीला टेकवून "खाली". चुकला की मी त्याचा कान ओढायचे. मी म्हणायचे "डावीकडे", आणि हा झटकन डावीकडे झुकायचा, "वर" म्हटलं की उठून उभा राहायचा, पोर दचकली तरी थांबायचा नाही. शेवटी मीच म्हटलं पुरे, पास झालास. त्याला केवढा आनंद झाला होता, वेड्याला.

होडीत त्याला कळले ते शब्द मी शिकवले होते. मारांबाच्या वळणावर, पंक्चर काढणाऱ्याच्या टपरीपाशी मला हे कळलं, आणि मी तिथल्या बाकड्यावर बसले. टपरीवाला म्हणाला, "काय झालं मावशी, ऊन लागलं? पाणी देऊ?" मी म्हटलं दे. प्यायले नाही, हातात धरून बसले.

बाबा जावयाशी थेट बोलत नसत. कुणीच सासरा बोलत नाही आमच्याकडे. जावई समोर आला की बाबा दुसरीकडे बघून मला सांगायचे, "जावयाला विचार चहा घेणार का." आणि कलुबानंही त्यांच्या तोंडाकडे बघायचं नाही, मान खाली, टाळ्या वाजवून नमस्कार, बाबा जातील त्या बाजूला पाठ. त्याला हे कुणी शिकवायला लागलं नाही, बेंबांमध्येही तसंच आहे. पण त्याला वाईट वाटायचं. रात्री म्हणायचा, तुझे वडील एकदा तरी मला हाक मारतील का गं? मी म्हणायचे, मारतील, पोर मोठी झाली की. त्या दिवशी बाबा म्हणाले, म्हणजे मला म्हणाले, की जावयाला सांग, होडीत चल म्हणावं, कित्वेला न्यायला चांगला मासा धरून देतो. मी सांगितलं. त्याला पाण्याची भीती वाटत होती, पण सासऱ्यानं बोलावलं आणि गेला नाही असं कुठं असतं? बाबा पुढं टोकाला भाला घेऊन उभे, मागं लुबिंदा वल्हं घेऊन उभा, आणि मधे हा बसलेला, मान खाली घालून, बाबांच्या पाठीकडेसुद्धा बघायचं नाही म्हणून आपल्याच गुडघ्यांकडे बघत. असे ते लव्हाळ्याच्या पलीकडे गेले. मी काठावर मासे साफ करत होते, पोर झाडाखाली. माझ्या हातात वाघमासाच होता, आदल्या रात्रीचा. दात असे बाहेर आलेले की तोंड मिटलं तरी दिसतात, वरचे खालच्यांच्या मधे बसलेले. मला तो तेवढाच ओळखता येतो, मेलेला.

आणि लव्हाळ्यापलीकडून बाबांचा आवाज आला. पाण्यावरून आवाज फार लांब जातो. बाकीचं नीट कळलं नाही, पण पहिला शब्द अगदी स्वच्छ ऐकू आला. जावई! सुरी हातात तशीच धरून मी हसले. म्हटलं, चला, मारली हाक. बाबांनी त्याला हाक मारली एकदाची. मग ओरडाआरडा झाला, आणि मग जे झालं ते झालं. पण ती हाक मी जपून ठेवली होती. कलुबाचा मला कितीही राग आला तरी त्या एका गोष्टीपाशी मी थांबायचे: मरण्याआधी त्याला ती हाक ऐकायला मिळाली. तीन वर्षांपूर्वी बाबा वारले, सगळा जिल्हा लोटला, नदीवरचा सगळ्यात मोठा बघणारा गेला म्हणाले, आणि मी शवपेटीजवळ बसून मनात म्हटलं, बाबा, त्याला हाक मारलीत, तुमचे उपकार आहेत. उपकार! आग लागो त्या उपकारांना. ती हाक माशाला होती.

टपरीवाल्याला पेला परत दिला. लुबिंदाचं घर तिसऱ्या गल्लीत. तो ओट्यावर बसून जेवत होता, उशिराच जेवतो, सकाळची फेरी करून आल्यावर. बुहोबेचा, मक्याच्या पिठाच्या घट्ट गोळ्याचा, घास दह्यात बुडवत होता. मला बघून ओरडला, "ये ताई! काय गाल सुजवून घेतलास! दात काढलास का?"

"नाही काढला," मी म्हटलं. समोरच्या उलट्या पिंपावर बसले. "लुबिंदा, वाघमाशाला पाण्यावर काय म्हणतात?"

तो घास हातात धरून हसला. "हे काय मधेच? तुला कशाला होडीतली भाषा?"

"काय म्हणतात?"

"पाहुणा," तो म्हणाला.

मला क्षणभर वाटलं, वाटलं म्हणजे देवाशप्पथ वाटलं, की तो म्हातारा खोटं बोलला, किंवा त्याच्या गावची रीत वेगळी, आणि माझं सगळं उलटंपालटं झालेलं जग परत जागेवर येतंय. मूर्ख तर मूर्ख, निदान ओळखीचा मूर्ख. मी श्वास सोडला. पण लुबिंदा घास खात नव्हता. ताटाकडे बघत होता.

"सेनांगाकडे जावई म्हणतात," मी म्हटलं. "आज एकानं सांगितलं."

"असतील म्हणत."

"आपल्या होडीत पाहुणा कधीपासून?"

आतून रेडिओ चालू होता, फुटबॉलची मॅच. त्यानं घास ताटात ठेवला आणि हात न धुताच लुंगीला पुसला.

"लुबिंदा, मी विचारतेय. आपल्या होडीत पाहुणा कधीपासून?"

"त्या दिवसापासून," तो म्हणाला. "बाबा म्हणाले, इथून पुढं पाहुणा म्हणायचं. का ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही."

म्हणजे बाबांना कळलं होतं. काठावर येऊन 'उभा राहिला' म्हणाले तेव्हाच कळलं होतं. एक शब्द बदलला त्यांनी, माशाचा. माणसाबद्दलचा शब्द बदलायला त्यांना चोवीस वर्षं मिळाली होती, जेवताना, सणाला, मुसोंडा मांडीवर बसून त्यांची दाढी ओढत असताना. घरातले 'कलुबा करू नकोस' म्हणायचे, तेव्हा ते तिथंच असायचे. हसायचे नाहीत. मला वाटायचं, मोठ्या मनाचा माणूस, जावयाची चेष्टा करत नाही.

"ताई, बाबा काही मुद्दाम नाही..." लुबिंदा म्हणाला.

"मुद्दाम म्हटलं का मी?"

"त्यांनी उडी मारली होती पाण्यात. दोनदा. भाला टाकून. त्या वयात."

"ते ठाऊक आहे. ते गावभर सांगितलंत तुम्ही. हे का नाही सांगितलं?"

"सांगून काय झालं असतं? तू बाबांचं तोंड बघितलं नसतंस. आई काय करणार होती? कित्वेचे लोक काय म्हणाले असते, सासऱ्यानं मारलं? बाबांसारख्या माणसाला?" तो आता जोरात बोलायला लागला होता, नेहमी तेच करतो, अंगाशी आलं की आवाज चढवतो. "आणि शेवटी उभाच राहिला ना गं तो? खोटं काय बोललो आम्ही? उभा राहिला म्हणूनच..."

"त्याला सांगितलं उभं राहायला," मी म्हटलं. "त्याच्या सासऱ्यानं त्याला आयुष्यात पहिल्यांदा हाक मारली. जावई, डावीकडे, वर. तिन्ही शब्द त्याला येत होते. मी शिकवले होते. तुम्ही दोघंही होडीत उभेच होतात. मग त्यानं काय करायचं होतं? नाही म्हणायचं होतं? तू म्हटलं असतंस सासऱ्याला नाही?"

लुबिंदानं मान हलवली. नाही. त्याचा चेहरा एकदम पडला, गाल खाली ओघळले, आणि मला तो एकोणीस वर्षांचा दिसला, काठावर थरथरत उभा. त्या वेळी मीच त्याला जवळ घेतलं होतं. माझा नवरा मेला होता आणि मी भावाला थोपटत होते, पोर घाबरलंय म्हणून.

"तो कसा उभा राहिला ते तुला सांगू?" तो म्हणाला. अगदी हळू. "घाईनं नाही. आधी दोन्ही हातांनी कडा धरल्या. मग डावीकडे सरकला. मग गुडघ्यावर आला. मग उठला. आणि बाबांच्या पाठीकडे बघून विचारलं, आपल्या भाषेत, 'असं, बाबा?'"

"मग?"

"बाबा पाण्याकडे बघत होते. मासा तिथंच होता, ताई, मी पण बघितला, हा एवढा, तांबडी शेपूट. बघणाऱ्याला त्या वेळी काही ऐकू येत नाही."

"आणि तू? तू मागं होतास. तुला सगळं दिसत होतं. तुला कळलं होतं का, तो कशानं उठतोय ते?"

त्यानं मान खाली घातली. आत रेडिओवर कुणीतरी गोल केला, माणसं ओरडत होती.

"कळलं होतं," लुबिंदा म्हणाला. "लगेच कळलं. बस म्हणायचं होतं मला. पण मला हसू आलं. बाबा माशाला ओरडले आणि हा उठला, एवढा गंभीर तोंड करून. मला हसू आवरेना. वल्हं धरून मी हसत होतो. तो अजून तोल सांभाळत होता. चांगला सांभाळत होता. मला वाटलं, हे घरी जाऊन ताईला सांगायचं."

मी पिशवीतून फोन काढला. मुसोंडा या वेळी बँकेत असते, उचलत नाही, पण तिनं दुसऱ्या घंटेला उचलला. "आई? काढला का दात?"

"मुसोंडा," मी म्हटलं, "लग्नात तुझ्या बाबांबद्दल बोलायचंय. दोन शब्द नाही, सगळं. ते कसे गेले ते."

"आई, आपलं ठरलं होतं ना..." मग ती थांबली. माझा आवाज तिला कळतो. "काय झालं? तू कुठं आहेस?"

"मामाकडे. तुझे बाबा होडीत उभे राहिले, कारण त्यांना उभं राहायला सांगितलं होतं."

पलीकडे बँकेतली माणसं बोलत होती, कुणीतरी शिक्के मारत होतं. तिनं दार लावून घेतलं, आवाज थांबले. मग म्हणाली, "कुणी?"

लुबिंदा माझ्याकडे बघून मान हलवत होता, नको, नको. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते मी पुसलं नाही. त्याचा हात धरला, दह्यानं अजून चिकट असलेला, आणि फोन त्याच्या हातात ठेवून वर त्याच्या कानापर्यंत नेला.

"सांग तिला," मी म्हटलं. "पहिल्यापासून सांग. आणि हसलास तेही सांग."